धावशर्यत, लांब पल्ल्याची (कनिष्ठ मुलींची)

एक मैदानी क्रीडाप्रकार. स्पर्धेच्या वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत वयाची वीस वर्षे पूर्ण न होणाऱ्या मुली कनिष्ठ गटात मोडतात. जागतिक कनिष्ठ मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत त्यांच्यासाठी ३,००० मी. व ५,००० मी. अशा दोन शर्यती असतात. त्यांपैकी दुसरी खऱ्या अर्थाने लांब पल्ल्याची होय. ४०० मी. घेराच्या धावमार्गावर ती साडेबारा फेऱ्यांची भरते. स्पर्धक वक्र रेषेवरून एकत्र सुटतात आणि आतल्या कडेला येतात. अखेरच्या फेरीच्या आरंभी घंटा वाजविण्यात येते.

स्त्रियांना लांबचे अंतर धावू देण्यास क्रीडासंघटना दीर्घकाळ राजी नव्हत्या. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मी. शर्यत झाली. तीत धावपटू कोसळल्याची अतिरंजित वृत्ते प्रसिद्ध झाली आणि ही शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. पुढे १९७२ मध्ये १,५०० मी., १९८४ मध्ये ३,००० मी. व मॅराथॉन, १९८८ मध्ये १०,००० मी. आणि १९९६ मध्ये ५,००० मी. अशा क्रमाने बंधने सैल झाली. नवल असे, की कनिष्ठ मुलींना १०,००० मी. शर्यत त्याआधीच, १९८६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत मिळाली होती. पुढे ती त्यांच्या कार्यक्रमातून गेली. वाढत्या वयात अतिरिक्त सराव व अपुरा आहार एकत्र आल्यास पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात व लोहाची कमतरता भासते. तेव्हा अंतरावरील मर्यादा सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही. मात्र धोका धावण्यात नसून उपाशीपोटी धावण्यात आहे.

या शर्यतीचे मर्म वेगाच्या वाटणीत आहे. आरंभी उसळी घेणाऱ्या मुली उत्तरार्धात मागे पडतात. पदकासाठीच्या शर्यतीत पहिल्या फेऱ्या बहुधा संथ जातात आणि निकाल शेवटच्या दोनतीन फेऱ्यांत लागतो. म्हणून केवळ वेळेवरून धावपटूची योग्यता ठरविणे फसवे असते. प्रौढ गटातील एक उदाहरण बोलके आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी वस्तीतील कविता राऊत यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मी. अंतर ३३ मि. ५.२८ से. मध्ये कापून कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावमार्गावरील वैयक्तिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पुढच्याच महिन्यात ग्वांगजो येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी तेच अंतर ३१ मि. ५१.४४ से. मध्ये कापले, म्हणजे दर फेरीस जवळजवळ तीन सेकंदांचा फरक. तेथे केरळच्या प्रीजा श्रीधरन एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने पहिल्या आल्या. नाशिकमध्येच प्रशिक्षक विजेंदरसिंग यांच्या हाताखाली तयार झालेल्या संजीवनी जाधव यांनी २०१७ मध्ये भुवनेश्वर येथील आशियाई स्पर्धेत ५,००० मी.चे कांस्यपदक व तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मी.चे रौप्यपदक मिळविले.

महाराष्ट्रातील मुलींची वाट शालेय स्पर्धांतून जाते. यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थिनी जिल्हास्तरानंतर अमरावती विभागात व तेथून राज्य पातळीवर उतरते. शालेय स्पर्धेतील एकोणीस वर्षांखालील मुलींची धावमार्गावरील सर्वांत लांब धाव ३,००० मी.ची, ५,००० मी. अंतराची ओळख पुढे मैदानी संघटनेच्या कनिष्ठ स्पर्धांतच होते. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेला धावमार्ग पुष्कळदा २०० मी.चा असतो. त्यावर ३,००० मी. म्हणजे पंधरा फेऱ्या, आणि वळणे आखूड असल्याने घोटा व गुडघा यांवर ताण अधिक. मातीत सराव केलेल्या मुलीस कृत्रिम धावमार्गावर पावलाची लय नव्याने बसवावी लागते. त्यातच विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जात असल्याने दीर्घ धाव पहाटेच उरकावी लागते. प्रशिक्षणाच्या दृष्टीने अशा ठिकाणी आठवड्यातून एकदा शेतरस्त्यावर संथ लांब धाव, एकदा ठराविक वेळेत ४०० मी.च्या आवर्तनांचा सराव आणि पुरेसे जेवण व झोप एवढे नियमाने झाले, तरी बरेच साधते. प्रत्येक आवर्तनाची वेळ मुलीने स्वतः वहीत नोंदविल्यास वेगाचा अंदाज तिला घड्याळाविनाही येऊ लागतो.