तलावाचे पाणी किती वाजता तपासावे?

प्रकल्प म्हटला की दुकानातून चित्रांचे तक्ते आणायचे, पुस्तकातील मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवायचा आणि वर रंगीत मुखपृष्ठ चढवायचे, अशी रीत बहुतेक शाळांतून रूढ आहे. त्याने हस्ताक्षर सुधारते, हे मान्य. पण ज्याचे उत्तर आधीच छापलेले आहे, त्याला आम्ही प्रकल्प म्हणणार नाही.

१९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची कल्पना निराळी होती. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी लहान गट करून आपल्या परिसरातील प्रश्न घ्यावा, मोजमापे करावीत व निष्कर्ष मांडावेत. महाराष्ट्रात तिच्या समन्वयाचे काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने अनेक वर्षे केले. ठाण्याच्या मुलांना प्रश्नासाठी लांब जायला नको. मासुंदा, कचराळी, उपवन हे तलाव गावातच आहेत. कल्याण-डोंबिवलीकरांना काळा तलाव आहे.

समजा, आठवीच्या गटाने विचारले : आपल्या तलावात माशांना पुरेसा ऑक्सिजन मिळतो का? शाळा सकाळची, म्हणून नमुना दुपारी दोनला घेतला. लिटरमागे १० मिलिग्रॅम ऑक्सिजन निघाला. 'तलाव निरोगी' असे लिहून मोकळ्या होणाऱ्या या गटाला शिक्षकांनी इथेच अडवावे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून सुमारे ७.५ मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळतो. मग जास्तीचा आला कुठून?

पाणी हिरवट आहे का, ते पाहायला सांगावे. हा रंग सूक्ष्म शैवालाचा. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर ते माजते. उन्हात प्रकाशसंश्लेषण करून ते भरपूर ऑक्सिजन सोडते. सूर्य मावळला की हे थांबते. श्वसन मात्र शैवालाचे, जिवाणूंचे आणि माशांचेही रात्रभर चालूच असते. म्हणून पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी भरतो. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर बरेच मासे तोंड वासून पृष्ठभागाशी येतात. म्हणजे दुपारचा तो घसघशीत आकडा दुखण्याचेच लक्षण असू शकतो!

तेव्हा नमुने पहाटे (पालकांना सोबत घेऊन), सकाळी दहाला, दुपारी व सायंकाळी, एकाच जागी घ्यावेत. बाटली पाण्याखाली भरून बुडबुडा न ठेवता बूच लावावे. विंकलर पद्धतीतील मँगनीज सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइड काठावरच घालावे. नाहीतर शाळेत पोचेपर्यंत बाटलीतला ऑक्सिजन बदलतो. अनुमापन शाळेत करता येते. ही रसायने दाहक असल्याने शिक्षकांनीच हाताळावीत. ती नसतील, तर २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, एवढे मोजले तरी पुष्कळ झाले.

दोन गटांचे आकडे जुळले नाहीत, तर लगेच गुण कापू नयेत. आधी वेळ, जागा आणि खोली विचारावी. खाडाखोडीची कच्ची वही अहवालासोबत मागून घ्यावी आणि निम्मे गुण तिलाच ठेवावेत.