रात्रीच्या घामाला सुती वाकळ

हिवाळ्यात ढोकीच्या पारधी वस्तीसाठी तुम्ही मंडळी आठवणीने ब्लँकेटे पाठवता. त्याबद्दल आभार आहेतच. यंदा मात्र जुने सुती कापड मागते आहे.

क्षयाच्या काही रुग्णांना रात्री इतका घाम येतो की अंथरूण ओले होते. मऊ, लोकरीसारखी दिसणारी स्वस्त ब्लँकेटे बहुधा पॉलिस्टरची असतात. साधारण हवेत 100 किलो कोरडे सूत 8 किलोंच्या आसपास ओल धरते, पॉलिस्टर अर्धा किलोही नाही. मग घाम अंगावरच राहतो, माणूस पांघरूण फेकतो आणि पहाटे गारठतो.

त्यापेक्षा आपली वाकळ बरी. जुन्या लुगड्यांची, धोतरांची खळ धुऊन धुऊन गेलेली असते, म्हणून ती पाणी चटकन टिपतात. नवी चादर द्यायची तर आधी दोन-तीनदा धुवा. वाकळ फार जाड नको, लवकर वाळत नाही. दोन पातळ असल्या की आलटून पालटून उन्हात टाकता येतात. वर टर्किश टॉवेल अंथरला तर मध्यरात्री तेवढाच बदलायचा.

अर्थात कापडाने क्षय जात नाही. रात्रीच्या घामाबरोबर दोन आठवड्यांवर खोकला, ताप किंवा वजन घटणे असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाला साधारण 6 महिने, मध्ये खंड न पाडता.

तेव्हा सुती लुगडी, धोतरे, चादरी पाठवा. फाटकी चालतील, नायलॉनची नकोत. शिवायला वस्तीतल्या बाया आहेत.