कढीलिंब : उपयोग व एक सावधगिरी

कढीलिंबाचा सुवास त्याच्या पानांतील उडून जाणाऱ्या तेलाचा होय. म्हणून फोडणीस पानें ताजींच घ्यावीं. त्यांत चुन्याचा अंश पुष्कळ असतो. पण पानें ताटाच्या कडेस काढून ठेविल्यास त्याचा लाभ काय? तेलांत कुरकुरीत करून तीळ, खोबरें व लसूण यांसह चटणी कुटावी, म्हणजे पान पोटांत जातें. मात्र तें केसांवर वा मधुमेहावर रामबाण आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं.

शनिशिंगणापूर-सोनई भागांत मुळेच्या कालव्याखालील भारी जमिनींत हें झाड पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर लावावें. बीं ताजेंच पेरावें. सुकल्यावर त्याची उगवणशक्ति लवकर जाते.

ज्यांची मोसंबी वा लिंबाची बाग आहे, त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. कढीलिंब त्याच कुळांतला. बागेंत ग्रीनिंग रोग पसरविणारी सिला कीड याच्या कोवळ्या पालवीवरहि वाढते. यास्तव तो बागेच्या बांधावर न लावतां दूर परसांत लावावा. पालवीवर पिवळीं बारीक अंडीं किंवा पांढरे मेणचट तंतु दिसतांच ते शेंडे खुडून जाळावे. खाण्याच्या पानांवर विषारी औषध फवारूं नये.