पात्र घडवण्यातच संध्याकाळ का संपावी?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलतो, एक जण सूत्रधार होऊन प्रसंग रचतो आणि यशापयशाची शंका असेल तेथे फासे निकाल देतात. ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात तो हाच. मात्र खेळण्यापूर्वी पात्र घडवावे लागते, आणि अनेक नवखे येथेच कंटाळून उठतात.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हा हे काम थोडक्यात आटोपत असे. तीन फाशांची बेरीज सहा वेळा मांडली की बळ, बुद्धी, चपळाई असे सहा गुण ठरत. मग योद्धा, जादूगार किंवा धर्मोपदेशक व्हायचे. पुढे खेळाडूला निवडीचा वाव देता देता नियम फुगले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर कौशल्यांवर अंक वाटायचे आणि विशेष क्षमता लांबलचक यादीतून निवडायच्या, तेही खेळ कसा चालतो हे कळण्याआधी!

काही गुंतागुंत निव्वळ परंपरेची आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बळ १५ असेल तर त्यातून १० वजा करून, उरलेल्याला २ ने भागून, अपूर्णांक सोडून ‘अधिक २’ मिळतात. बळ १४ असले तरी तेवढेच. खेळताना फाशात मिळवायचे ते हे २. मूळचा आकडा बहुतेक वेळ कागदावर नुसता बसून असतो. ‘पाथफाइंडर’ने २०२३ च्या सुधारित नियमांत तो काढूनच टाकला. खेळाचे त्यात फारसे काही बिघडले नाही.

जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ त्याहून धीट. सारा खेळ एका पानाचा, आणि पात्राला २ ते ५ मधला एकच आकडा. तर्काची व यंत्राची कामे असतील तर फासा त्या आकड्याखाली पडावा, भावनेची असतील तर वर. एकाच आकड्यात बळही आले आणि उणीवही.

परंतु आकडे कमी करणे हा एकच मार्ग नव्हे. पात्र तपशिलाने घडवण्यातच अनेकांना खरी गोडी असते. त्यांचा आनंद का हिरावावा? निर्णय पुढे ढकलणे अधिक शहाणपणाचे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या नियमांत प्रत्येक वर्गाची उपशाखा तिसऱ्या पातळीवर निवडायची असते; तोवर खेळाडूला आपल्याला काय आवडते ते उमगलेले असते. घरच्या सूत्रधारालाही हे सहज करता येईल. पहिल्या बैठकीत तयार पात्रे वाटावीत, नाव तेवढे कोरे ठेवावे, आणि दुसऱ्या बैठकीपूर्वी हवा तो बदल करण्याची मुभा द्यावी.