काता : पाठांतर आणि अर्थ

कराटे म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे विटा आणि फळ्या फोडणारा हात उभा राहतो. परंतु या विद्येच्या जन्मभूमीत, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर, जुन्या गुरूंनी तिचे सार साठविले ते ‘काता’ या प्रकारात. प्रतिस्पर्धी समोर नसताना ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या रेषांवरून करावयाची पवित्र्यांची, प्रहारांची आणि बचावांची मालिका म्हणजे काता. प्राथमिक काता काही महिन्यांत पाठ होतात. प्रगत काता पाठ होण्यासही वेळ लागतो आणि ते समजण्यास तर त्याहून कितीतरी अधिक काळ जावा लागतो. असे का व्हावे, हे पाहण्यासारखे आहे.

ओकिनावात ही विद्या दीर्घकाळ गुप्तपणे, बहुधा रात्रीच्या वेळी, गुरूच्या अंगणात शिकविली जाई. तिचे ग्रंथ जवळजवळ नव्हतेच. गुरूच्या देहातून शिष्याच्या देहात उतरणारा काता हाच ग्रंथ, आणि त्यावरील भाष्य तोंडी. म्हणून मूळ पाठ बिघडू न देण्याविषयी फार कटाक्ष असे. ‘एका काताला तीन वर्षे’ अशी एक जुनी म्हणच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसू आंको यांनी ही विद्या ओकिनावातील शाळांत नेली. मुलांसाठी त्यांनी ‘पिनान’ नावाचे पाच सोपे काता बसविले. १९०८ साली शिक्षणखात्याला लिहिलेल्या दहा कलमी पत्रात त्यांनी शरीर व मन बळकट होण्याच्या दृष्टीने या शिक्षणाचा पुरस्कार केला. विद्या अंगणातून मैदानावर आली. पण शेकडो मुले एका रांगेत उभी करून शिकवावयाची, तर मान मुरगळणे नि सांधे निखळविणे यांसारखे अर्थ सांगून चालत नाही. साहजिकच हालचाली तशाच राहिल्या आणि त्यांना सौम्य अर्थ मिळाले : हा हात म्हणजे ठोसा, तो हात म्हणजे ठोसा अडविणे. शाळेसाठी ते योग्यच होते. अडचण उद्भवते ती पुढे, विद्यार्थी प्रगत काताकडे वळतो तेव्हा.

‘कुसांकू’ या काताचे उदाहरण घेऊ. कुसांकू हे अठराव्या शतकात ओकिनावात आलेल्या एका चिनी पुरुषाचे नाव असून, त्याच्या झोंबीच्या कौशल्याचा उल्लेख १७६२ सालच्या एका जपानी नोंदीत सापडतो. हा काता त्याच्यापासून आला, असे परंपरा मानते. १९२२ साली फुनाकोशी गिचिन यांनी तोक्यो येथे जूदोचे जनक कानो जिगोरो यांच्या संस्थेत हाच काता करून दाखविला. पुढे त्यांनी त्याला ‘कान्कू’, म्हणजे आकाशाकडे पाहणे, हे जपानी नाव दिले. काताच्या प्रारंभी दोन्ही हात जुळवून कपाळाच्या वर नेतात. अंगठे व तर्जन्या यांच्यामधील त्रिकोणातून दृष्टी वर जाते. मग हात अलग होऊन वर्तुळाकार खाली येतात. आकाशाचे हे अक्षर आणि ‘कराटे’तील ‘करा’, म्हणजे रिकामा, हे अक्षर एकच आहे. बौद्ध ग्रंथांतील ‘शून्य’ या कल्पनेसाठी चिनी भाषांतरकारांनी हेच अक्षर योजिले होते.

फुनाकोशींच्या परंपरेत या काताच्या हालचाली ६५ आहेत. त्यांतील अनेक इतोसूंच्या पाच पिनानांतही आढळतात. त्यामुळे विद्यार्थ्याला हा काता शिकताना जुने स्नेही भेटल्यासारखे वाटते, आणि नेमकी येथेच फसगत होते. हालचाल ओळखीची असते. तिच्याबरोबर तिचा बालबोध अर्थही चिकटून आलेला असतो.

अर्थ लावण्याच्या क्रियेला जपानी भाषेत ‘बुंकाई’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ सुटे करणे. संस्कृत श्लोक शिकविताना शिक्षक आधी पदच्छेद करतो, मग अन्वय लावतो आणि शेवटी भावार्थ सांगतो, तशीच ही रीत. कान्कूत तळहाताच्या कडेने करावयाचा बचाव लागोपाठ येतो. बालबोध अर्थ असा, की समोरून आलेला ठोसा अडविला. पण मग दुसरा हात छातीजवळ का यावा? ठोसा मारताना एक मूठ कंबरेशी का ओढली जावी? निव्वळ अडवावयाचे, तर या हातांना काही कामच उरत नाही. त्या ओढलेल्या हातात प्रतिस्पर्ध्याचे मनगट पकडलेले आहे अशी कल्पना केली, म्हणजे सारे वाक्य सरळ लागते : एका हाताने त्याला ओढून तोल घालवावयाचा आणि दुसऱ्या हाताची कड त्याच्या मानेवर आणावयाची. झोंबीत निपुण असलेल्या पुरुषाचे नाव मिरविणाऱ्या काताला हा अर्थ शोभतोही.

दिशांविषयीही असाच गैरसमज आहे. काता करणारा डावीकडे, उजवीकडे, मागे वळतो. म्हणून चोहोबाजूंनी शत्रू आहेत, असे समजले जाते. मबुनी केन्वा यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात या समजुतीची चूक दाखवून दिली. शत्रू बहुधा समोरचा एकच असतो. वळतो तो स्वतः लढणारा, त्याच्या बगलेस जाण्यासाठी. संपूर्ण गिरकी ही कित्येकदा फेक असू शकते.

तथापि, अर्थ शोधण्याच्या हौसेला मर्यादा हवी. कान्कूत एके ठिकाणी एकदम खाली बसून हात जमिनीला टेकावयाचे असतात. कोणी म्हणतात, डोक्यावरून फिरलेली काठी चुकविली. कोणी म्हणतात, प्रतिस्पर्ध्याचा पाय धरला. निवाडा करावयाचा तर तीन कसोट्या लावाव्या. अर्थ जुळविण्यासाठी हालचाल बदलावी लागते काय? खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदारावर तो डाव चालतो काय? आणि मागची व पुढची हालचाल त्याच्याशी जुळते काय? तिन्ही ठिकाणी उतरेल तो अर्थ ग्राह्य, मग तो एक असो वा दोन. न उतरणारा अर्थ कितीही चमत्कृतिपूर्ण असला, तरी सोडून द्यावा. फुनाकोशींनीही बजावले आहे, की काता बिनचूक करावा. प्रत्यक्ष लढत ही वेगळी गोष्ट आहे.

हा काटेकोरपणा अनाठायी नव्हे. १९४५ सालच्या ओकिनावाच्या लढाईत एक लाखाच्या आसपास नागरिक मृत्युमुखी पडले. मियागी चोजुन यांचे वारस मानले गेलेले शिंझातो जिनान त्याच वर्षी युद्धात मारले गेले. अशा माणसांबरोबर तोंडी भाष्याचा किती भाग गेला, याची मोजदाद होणे नाही. मूळ पाठ मात्र टिकला, कारण ज्यांना अर्थ सांगितला गेला नव्हता, त्यांनीही तो जसाच्या तसा राखला. २०२१ साली तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये काताला स्थान मिळाले आणि पुरुषांचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच कियुना र्‍यो यांनी जिंकले. स्पर्धेत गुण मिळतात ते गती, तोल आणि डौल यांना. अर्थाच्या बाबतीत परीक्षकाला फारसे विचारता येत नाही.

तो प्रश्न विद्यार्थ्यानेच स्वतःला विचारावयाचा असतो. अर्थ कळत नाही म्हणून पाठ बदलणारा पुढच्या पिढीचा ठेवा बुडवितो. पाठ आहे म्हणून अर्थच न शोधणारा तो ठेवा कुलूपबंद ठेवतो. ज्याला आज एखादी हालचाल उमगली नाही, त्याने ती उद्याही तितक्याच काळजीने करावी. तिचा अर्थ कदाचित त्याच्या शिष्याला लागेल.