फसवा पक्षी, खरी खूण

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशावर एखादा शिंजीर किंवा दयाळ चोची मारताना आपण पाहिला असेल. आरशातले प्रतिबिंब त्याला आपल्या हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी वाटते. शिकाऱ्यांनी हजारो वर्षे वापरलेल्या एका युक्तीचे मूळ याच वागण्यात आहे.

महाराष्ट्रातील फासेपारध्यांची तित्तर धरण्याची पारंपरिक रीत पाहू. माळावर पाळीव तित्तराचा पिंजरा ठेवायचा आणि भोवती बारीक फास मांडायचे. पिंजऱ्यातला नर ओरडू लागला की त्या भागातला नर त्याला हुसकावण्यासाठी धावत येतो आणि फासात अडकतो. येथे दाण्याची गरज नाही. आमिष भुकेवर काम करते, तर हा फसवा पक्षी, म्हणजे 'डिकॉय', हद्दीच्या भांडणावर.

फसवा पक्षी खऱ्यासारखा किती हवा? डेव्हिड लॅक यांनी १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबिन पक्ष्यांवर प्रयोग केले. प्रौढ रॉबिनची छाती तांबडी असते, पिलाची तपकिरी ठिपक्यांची. रॉबिनच्या हद्दीत पेंढा भरलेले पिलू ठेवले, तर त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होई. पण नुसता तांबड्या पिसांचा झुबका ठेवला तरी अनेक रॉबिन त्याला धमकावत. ना डोके, ना पंख, ना पाय! पक्षी पूर्ण चित्र तपासत नाही. ठरावीक खुणेला उत्तर देतो.

हा मूर्खपणा आहे का? नाही. निसर्गात हद्दीत दिसणारी तांबडी छाती बहुतेक वेळा खऱ्या रॉबिनचीच असते. खात्री करत बसणाऱ्याची हद्द जाईल. झटपट उत्तर बहुधा बरोबर ठरते, म्हणून उत्क्रांतीत ते टिकले. शिकारी नेमका या 'बहुधा'चा फायदा घेतो.

बदकांच्या बाबतीत खूण भांडणाची नसून सुरक्षिततेची असते. अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची बनवलेली ११ फसवी बदके सापडली. ती सुमारे २,००० वर्षांपूर्वीची आहेत. पाण्यावर निवांत तरंगणारी बदके म्हणजे 'येथे धोका नाही', असा वरून उडणाऱ्या थव्याचा समज होतो. बदके वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून जाणकार शिकारी फसव्या बदकांमध्ये त्या बेताने मोकळे पाणी राखतो. माना ताठ केलेली बदके मांडली तर थवा बिचकतो.

ही युक्ती इतकी परिणामकारक होती, की अमेरिकेने बदकांच्या शिकारीत जिवंत फसवे पक्षी वापरण्यावर १९३५ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्षी फासात धरणे हीदेखील शिकारच ठरते.

हीच युक्ती आता पक्ष्यांच्या उपयोगीही पडते. मेन राज्यातील ईस्टर्न एग रॉक बेटावरून पफिन हे समुद्रपक्षी एकोणिसाव्या शतकात शिकारीमुळे नाहीसे झाले होते. स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून न्यूफाउंडलंडहून पिले आणून तेथे वाढवली. पण पफिन वसाहतीने राहणारा पक्षी, रिकाम्या बेटावर उतरायला कचरतो. म्हणून १९७७ मध्ये खडकांवर लाकडी पफिन मांडले. त्यांच्या सोबतीला खरे पफिन उतरू लागले आणि १९८१ मध्ये तेथे पुन्हा घरटी झाली. खूण तीच, हेतू मात्र उलटा.

आरशाशी भांडणारा पक्षी दिसला, तर विद्यार्थ्यांना पाच मिनिटे निरीक्षण करू द्यावे. तो नर की मादी, किती वेळा चोच मारतो, महिना कोणता, याची नोंद घ्यावी. मग आरसा फडक्याने झाकावा. सहलीत मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याचा मोह मात्र टाळावा. विणीच्या काळात नसलेल्या शत्रूशी लढण्यात त्याचा जो वेळ जातो, तो त्याच्या पिलांच्या वाट्याचा असतो.