संकोचात दवडू नयेत असे तास

वृषणाच्या वेदनेविषयी घरात बोलणे पुरुषांना अवघड वाटते. दुकानाची वेळ, लाज आणि ‘उद्या बरे वाटेल’ ही आशा यांत मोलाचे तास निघून जातात.

वेदना अचानक व तीव्र असेल, सोबत मळमळ किंवा उलटी होत असेल, तर वृषणाला रक्त पुरविणाऱ्या रज्जूला पीळ पडल्याची शंका घ्यावी. हा प्रकार बहुधा १२ ते १८ वर्षांच्या मुलांत आढळतो. संकोचाने मुलगा केवळ ‘पोट दुखते’ असे सांगतो. ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास वृषण बहुधा वाचते. २४ तासांनंतर ती आशा फारच थोडी उरते.

वेदना हळूहळू वाढली, लघवीला जळजळ व ताप असेल, तर जंतुसंसर्ग संभवतो. त्यावर डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके, विश्रांती व लंगोटाचा आधार उपयोगी पडतो. मुतखड्याची किंवा अंतर्गळाची कळही येथे उतरते. सोनोग्राफीने निदानास साहाय्य होते; मात्र पिळाची दाट शंका असता शस्त्रक्रिया तिच्यासाठी थांबवीत नाहीत. न दुखणारी गाठही दाखवावीच.

मध्यरात्री वडिलांना उठवून सांगण्याइतका मोकळेपणा मुलाला आधीपासूनच लाभलेला असावा.